नोकरी सांभाळून नट : अशोक सराफ आणि आपला कारखान्यांचा पट्टा

फर्स्ट शिफ्ट करून थेट इथे आलेले काही जण दिसतायत, त्यांचे विशेष आभार.

आजचा विषय एका नटाच्या आयुष्याचा आहे. सुरुवात मात्र कोरियापासून करतो. आपल्या चाकणला कोरियन कंपन्या आहेत आणि घरोघरी मुली कोरियन मालिका बघतात. तिकडे नट कसे तयार व्हायचे? तिथल्या दूरचित्रवाणी वाहिन्या चक्क नटांची भरती करायच्या. आपल्याकडे कंपनीत ट्रेनींची बॅच घेतात ना, तशी. 'स्क्विड गेम'मधला मुखवटेवाला ली ब्युंग-हुन 1991 साली केबीएस वाहिनीच्या अशाच भरतीतून आला. पुढे ती पद्धत मागे पडली आणि नट घडवायचं काम एजन्सींकडे गेलं.

आपल्याकडे अशी भरती नव्हती. मग आपले नट कुठून आले? बरेचसे नोकरीतून आले. अमोल पालेकर बँकेत होते. दिलीप प्रभावळकर औषध कंपनीत होते. आणि आपले अशोकमामा, म्हणजे अशोक सराफ, स्टेट बँकेत.

सराफांचा जन्म 1947 सालचा, मुंबईचा. नाटकाचं वेड घरातच होतं, कारण गोपीनाथ सावकार हे त्यांचे मामा. त्यांच्याकडेच 'ययाती आणि देवयानी' नाटकात विदूषक करून अशोकरावांची सुरुवात झाली. पण वडिलांची इच्छा एकच, मुलानं नोकरी धरावी. मुलानं धरली! सुमारे दहा वर्षं केली.

आता या दहा वर्षांकडे आपण कसं बघतो? 'कलावंत बिचारा नोकरीत अडकला' असं म्हणतो. मला ते पटत नाही. हिशेब करून बघा. बँकेची वेळ ठरलेली, म्हणजे संध्याकाळी तालमीला किती वाजता पोचणार हे सकाळीच माहीत. पगार ठरलेला, म्हणजे नाटक पडलं तरी चूल पेटणार. रजा हक्काची, म्हणजे दौऱ्याला जाता येणार. आणि वर आंतरबँक नाट्यस्पर्धा! सराफांनी त्या स्पर्धा गाजवल्या. चुकायला, पडायला, पुन्हा उभं राहायला ही हक्काची जागा होती. शिकायला यापेक्षा वेगळं काय लागतं?

त्याचं फळ पुढे दिसलं. 1975 साली दादा कोंडक्यांचा 'पांडू हवालदार' आला. 1977 ला 'राम राम गंगाराम'. कामं इतकी वाढली की शेवटी बँक सोडली. म्हणजे बघा, उडी मारली ती पायाखाली जमीन तयार झाल्यावर. 1988 च्या 'अशी ही बनवाबनवी'तला धनंजय माने तुम्हाला मी सांगायला नको.

टीव्हीवर त्यांची देशाला ओळख झाली ती 1995 सालच्या 'हम पांच'मधून. पाच मुलींचा बाप, आणि भिंतीवरच्या फोटोतून बोलणारी पहिली बायको. त्या मालिकेत सगळे गोंधळ घालतात आणि हा बाप मध्ये उभा राहून नुसता बघतो. बऱ्याच वेळा हसू त्या बघण्यावर येतं. हे टायमिंग पुस्तकात वाचून येत नाही. ते प्रेक्षकांसमोर शेकडो वेळा उभं राहून येतं. पुढे महाराष्ट्र भूषण मिळालं, 2025 ला पद्मश्री जाहीर झाली. आणि 2024 मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, 'अशोक मा.मा.' या मराठी मालिकेत ते पुन्हा उभे राहिले.

आता आपल्याकडे येऊ. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, साठच्या दशकात टेल्को आणि बजाज आल्या. त्यांच्याबरोबर कायम नोकरी आली आणि हौशी नाटकही आलं. दिवसा मशीनवर, रात्री तालमीत. कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांना ही माणसं रजा टाकून जायची. सगळे काही अशोक सराफ झाले नाहीत, व्हायचंही नव्हतं. पण नाटक आपलं आहे असं त्यांना वाटायचं, आणि पोरं ते बघत मोठी झाली.

आज समजा, निगडीत राहणारा एक मुलगा चाकणला ठेकेदाराकडे आहे. या आठवड्यात दिवसपाळी, पुढच्या आठवड्यात रात्रपाळी. ओव्हरटाइमला नाही म्हटलं तर उद्या गेटवर घेतील की नाही, ही धास्ती. काही महिन्यांनी ब्रेक. अंगात नट असला तरी हा मुलगा तालमीची वेळ कुणाला देणार? गुरुवारी सातला येतो, एवढं एक वाक्य त्याला खात्रीनं बोलता येत नाही. नाटक मात्र त्या एका वाक्यावर उभं असतं.

म्हणून माझं म्हणणं असं की कंत्राटी पद्धतीत फक्त पगार जात नाही, संध्याकाळ जाते. आणि संध्याकाळ गेली की पुढचा अशोक सराफ कुठून यायचा?

उपाय मोठे आहेत, ते एका व्याख्यानात होत नाहीत. दोन छोट्या गोष्टी सांगतो. एक, जून आणि डिसेंबरच्या पगाराची स्लिप बघा. कामगार कल्याण निधी कापला असेल, तर कल्याण केंद्रात जाऊन नाट्यस्पर्धेची चौकशी करा. लाजू नका, पैसे तुमचे आहेत. दोन, इथे युनियनचे लोक बसलेत, त्यांना विनंती. वेतनकरारात बोनस मागताच, त्याच्या खाली एक ओळ वाढवा : स्पर्धेत उतरणाऱ्याला तालमीपुरती पाळी बदलून मिळावी, आणि त्यात कंत्राटी पोरगाही धरावा.

बँकेनं एका कारकुनाला त्याची संध्याकाळ दिली, तर महाराष्ट्र पन्नास वर्षं हसला. आपल्या पोरांची संध्याकाळ आपण मागायला काय हरकत आहे?

एवढंच. प्रश्न असतील तर विचारा. सेकंड शिफ्टवाल्यांची बस यायला अजून वेळ आहे.