गॅरेजमधले विमान

अमेरिकेतल्या मराठी घराला गॅरेज असते आणि त्यात गाडी सोडून बाकी सगळे असते. गणपतीचे मखर, तांदळाची पोती, भारतवारीच्या रिकाम्या बॅगा. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात आम्ही हे सारे भिंतीकडे सरकवले आणि मधोमध एक जुने दार चार स्टुलांवर आडवे टाकले. आमच्या चिरंजीवांनी (वय 14) जाहीर केले होते की त्याला रेडिओवर उडणारे विमान हवे आहे. विकत घ्यायचे नाही, बांधायचे!

बाजारात जवळजवळ तयार विमाने मिळतात. एका संध्याकाळी जोडून होतात. आम्ही मात्र बाल्सा लाकडाचा किट आणला. खोक्यात काड्या, पट्ट्या, पंखाच्या कापलेल्या बरगड्या आणि दारभर पसरेल एवढा नकाशा. बाल्सा मुख्यतः एक्वादोरमधून येते. 'बाल्सा' म्हणजे स्पॅनिशमध्ये तराफा. लाकूड इतके हलके की हातात काही धरले आहे असे वाटत नाही.

कृती सांगायला सोपी आहे. नकाशावर मेणकागद अंथरायचा, नाहीतर विमान नकाशालाच चिकटते. लाकडे टाचण्यांनी जागेवर बसवायची आणि मगच गोंद लावायचा. खालचे दार अगदी सपाट हवे, कारण त्यावर पिळलेला पंख पुढे सरळ उडत नाही. सुपर ग्लू क्षणात धरतो, चूक सुधारायला सवड देत नाही. इपॉक्सी सवड देतो, पण ओहायोच्या जानेवारीत थंड गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशीसुद्धा चिकटच राहतो. मोटरची फळी आणि पंखांचा मधला सांधा यांना मात्र इपॉक्सीच लावावा. शेवटी सांगाड्यावर रंगीत प्लॅस्टिकची फिल्म इस्त्रीने ताणून बसवतात. त्यासाठी खाली आलेली घरची इस्त्री परत वर गेली नाही. त्यावरचे सौ.चे मत इथे छापण्याजोगे नाही.

मग यंत्रे: रिसीव्हर, बॅटरी आणि पंख-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या सर्व्हो मोटरी. पंखा काढून ठेवूनच मोटर तपासावी. बोटे दहाच असतात. उजवीकडे काडी ढकलली की उजव्या पंखाची झडप वर गेली पाहिजे. इथे उलटसुलट झाले तर विमान जमीन सोडताच संपते. लिथियमची बॅटरी चार्जिंगला लावून झोपायला जाऊ नये, ती पेट घेऊ शकते.

आता खरी गोष्ट. विमान तयार झाले की तोल पाहायचा. पंखाची रुंदी 12 इंच असेल तर पुढच्या कडेपासून साधारण 3 ते 4 इंचांवर दोन बोटे टेकवून ते उचलायचे. आडवे राहिले तर ठीक. नेमकी जागा नकाशात दिलेली असते. मैदानावरचे जुने लोक सांगतात, नाक जड असेल तर विमान कसेबसे उडते, शेपटी जड असेल तर एकदाच उडते.

चिरंजीवांनी बोटे लावली आणि म्हणाला, "बाबा, शेपटी खाली जातेय." मी पंचवीस वर्षे इंजिनियर. म्हटले, "एवढे तेवढे चालते रे." मित्रमंडळी फोटो काढायला मैदानावर येणार होती. तिथे पोचलो तर क्लबच्या शिक्षकाला यायला अर्धा तास होता. मी तेवढाही थांबलो नाही.

विमान उठले, नाक वर करत गेले, हवेत थबकले, एक पंख खाली टाकला आणि गवतात शिरले. वीस सेकंदसुद्धा झाली नसतील.

परतताना गाडीत मुलगा एक शब्द बोलला नाही. त्याने आदळआपट केली असती तर बरे वाटले असते. "तू बरोबर होतास, चूक माझी होती," एवढे म्हणायला मला तीन दिवस लागले. आमच्या वडिलांनी असे वाक्य कधी उच्चारल्याचे मला आठवत नाही, त्यामुळे सवय नव्हती. तो म्हणाला, "ओके बाबा. चार बरगड्या गेल्यात. नकाशा आहे ना आपल्याकडे."

आपण बांधलेल्या विमानाचा हा मोठा फायदा. नकाशावरून बरगड्या गिरवून कापल्या. दोन महिन्यांत पंख पुन्हा उभा राहिला. या वेळी कामाच्या सूचना तो देत होता आणि टाचण्या मी टोचत होतो. बॅटरी इंचभर पुढे सरकवली, नाकात थोडे शिसे घातले. मग शिक्षकाने दोन ट्रान्समीटर जोडून स्वतः विमान वर नेले आणि ताबा मुलाकडे दिला. सात मिनिटांनी ते खाली आले, अखंड! त्याचा हात स्थिर होता. माझा नव्हता.

कुणाला सुरुवात करायची असेल तर आधी क्लब शोधा. अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही 1936 सालची संस्था आहे. तिचे मुख्यालय इंडियानातल्या मन्सीला असून तिथले संग्रहालय मुलांना दाखवण्यासारखे आहे. 250 ग्रॅमपेक्षा जड विमान असेल तर एफएएकडे 5 डॉलर भरून तीन वर्षांची नोंदणी करावी लागते आणि तो क्रमांक विमानावर बाहेरून लिहावा लागतो. हौशी उड्डाणासाठी एक छोटी मोफत परीक्षाही आहे. नोंदणी केलेल्या विमानाला आता रिमोट आयडीचे यंत्रही लागते. ते नसेल तर एफएएने मान्य केलेल्या मैदानावरच उडवावे. बऱ्याच क्लबांची मैदाने तशी मान्य आहेत.

आमचे दार अजून स्टुलांवरच आहे आणि गाडी बर्फात. दुसरे विमान सुरू झाले आहे. शनिवारी सकाळी मुलांना घेऊन जरूर या, चहा तयार असेल. तोल तपासायचे काम मात्र आता चिरंजीवांकडे आहे, आणि त्यांनी मान डोलावल्याशिवाय काहीही गॅरेजबाहेर जात नाही.