‘ग्लास’ म्हणजे नुसता हिरवा नव्हे

आयरिश भाषेतील ‘ग्लास’ या विशेषणाचा (यातील ‘आ’ ऱ्हस्व असून पाण्याच्या पेल्याशी त्याचा संबंध नाही) अर्थ ‘हिरवा’ एवढाच आहे, आणि गवताबरोबर करड्या घोड्यालाही तेच विशेषण लावणाऱ्या आयरिश लोकांना हे दोन रंग वेगळे दिसतच नसावेत, असा समज पुनःपुन्हा कानी पडतो. शब्द एक म्हणून नजर अधू, हा तर्कच लंगडा आहे; करड्यासाठी ‘लिया’ आणि रंगवलेल्या वस्तूंच्या गडद हिरव्यासाठी ‘उअन्या’ हे शब्द त्याच भाषेत आहेत, याकडे तो सोयीस्कर डोळेझाक करतो. नील ओ डोनाल यांच्या 1977च्या कोशात ‘ग्लास’खाली झाडपाल्याचा हिरवा, जनावरांचा व डोळ्यांचा करडा, शिवाय ‘कच्चा’, ‘अननुभवी’ असे अर्थ सापडतात. ‘ला ग्लास’ म्हणजे हिरवा दिवस नव्हे, तर अंगाला बोचणारा गारठ्याचा दिवस. कोणती छटा घ्यायची हे सोबतचे नाम ठरवते. मराठीत कागद पांढरा आणि मुलगी गोरी असते, त्यावरून मराठी माणसाच्या डोळ्यांची तपासणी कोणी मागत नाही.

व्याकरणातही असाच घोटाळा होतो. विशेषण सहसा नामानंतर येते आणि नाम स्त्रीलिंगी एकवचनी असेल तर विशेषणाचे पहिले व्यंजन मृदू, म्हणजे घर्षणयुक्त, होते: ‘फेर’ (गवत) पुल्लिंगी, म्हणून ‘फेर ग्लास’, ‘बो’ (गाय) स्त्रीलिंगी, म्हणून ‘बो ग़्लास’, म्हणजे करडी गाय. मराठीत ‘हिरवा–हिरवी’ हा बदल शब्दाच्या शेवटी होतो, तिथे तो आरंभी होतो, इतकेच. ‘ग़्लास’ हा निराळा शब्द समजून कोशात शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही. अनेकवचन ‘ग्लासा’, तुलनादर्शक रूप ‘ग्लाशा’.

बाकीचे गैरसमज किरकोळ आहेत. विशेषण नेहमीच नामामागून येते असे नाही. ‘शॅन’ (जुना, म्हातारा) नामाच्या आधी जोडला जातो. डब्लिनमधील ग्लासनेविनच्या नावातला ‘ग्लास’ रंगवाचक नसून ओढा या अर्थाचे नाम आहे. ‘गॉरम’ म्हणजे निळा, तरी कृष्णवर्णीय व्यक्तीसाठी रूढ झालेले विशेषण तेच आहे.

आणि हिरवा म्हटले की ज्या राष्ट्रध्वजाची आठवण होते, त्याच्या हिरव्या पट्ट्यासाठी 1937च्या आयरिश राज्यघटनेच्या सातव्या अनुच्छेदातील शब्द ‘ग्लास’ नसून ‘उअन्या’ आहे.