दप्तर आणि फड : खेळाच्या इतिहासाची परिषद आणि खानदेशची वाट

खेळाचा इतिहास ही इतिहासलेखनाची तुलनेने तरुण शाखा असून तिची साधने राज्यकारभाराच्या इतिहासाइतकी सहज हाती लागत नाहीत, कारण राजे आणि सुभेदार आपल्या मागे सनदा व पत्रव्यवहार ठेवून जातात, तर खेळाडूच्या मागे बहुधा आठवण उरते आणि ती आठवण सांगणारी पिढी संपली की खेळही जणू कधी झालाच नव्हता असा पुसला जातो. ही हानी रोखण्याचा मार्ग म्हणून जगात ज्या प्रथा रूढ झाल्या, त्यांपैकी खेळाच्या इतिहासाची वार्षिक परिषद आणि त्या परिषदेला जोडून यजमान प्रदेशात केलेली पायपीट ही प्रथा मराठी अभ्यासकांनी विशेष लक्ष द्यावे अशी आहे. या प्रथेचा सर्वांत विकसित नमुना अमेरिकेतील बेसबॉलच्या अभ्यासात आढळतो. तिचा पाया असलेली कागद शोधत गावोगाव फिरण्याची रीत मात्र महाराष्ट्रात त्याहून बरीच जुनी आहे आणि तिचे एक मोठे केंद्र खानदेशात, धुळ्यात आहे.

सोळा जणांची परिषद

बेसबॉल हा दांडू आणि चेंडूचा खेळ आहे. चेंडू फेकणारा तो फेकतो, दांडूधारी तो टोलवतो आणि मग चौकोनाच्या चार कोपऱ्यांवरील तळ एकामागून एक गाठत पुन्हा मूळ जागी परततो, तेव्हा एक धाव पूर्ण होते. या खेळाच्या इतिहासाची व आकडेवारीची आवड असलेले सोळा जण ऑगस्ट १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावी जमले आणि रॉबर्ट डेव्हिड्स यांच्या पुढाकाराने त्यांनी ‘सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्च’ ही संस्था स्थापन केली. तिचे अधिवेशन वेगवेगळ्या शहरांत भरते. तेथे निबंध वाचले जातात, जुने खेळाडू आपल्या आठवणी सांगतात, आणि सभागृहातील चर्चेइतकेच महत्त्व त्या शहरातील जुनी मैदाने, संग्रहालये व खेळाडूंची स्मृतिस्थळे पाहण्याला दिले जाते.

या फिरण्यामागे निश्चित विचार आहे. वर्णभेदामुळे मुख्य स्पर्धांतून वगळले गेलेले कृष्णवर्णीय खेळाडू ‘निग्रो लीग’ या स्वतंत्र स्पर्धांत खेळत, आणि त्यांतील अनेकांच्या कबरींवर नावाचा दगडही नव्हता. संस्थेच्या सभासदांनी अशा कबरी शोधून त्यांवर नावाचे दगड बसविण्याचे काम हाती घेतले. दुसरीकडे, कृष्णवर्णीयांच्या साप्ताहिकांत छापून आलेली सामन्यांची टाचणे अभ्यासकांनी वर्षानुवर्षे खपून जमविली. या श्रमाचे फळ म्हणून मे २०२४ मध्ये या स्पर्धांची आकडेवारी अधिकृत नोंदवहीत सामावली गेली, दोन हजार तीनशेहून अधिक खेळाडूंची नावे तीत आली, आणि फलंदाजीच्या कारकिर्दीतील सर्वोच्च सरासरीचा मान टाय कॉब यांच्याकडून जॉश गिब्सन यांच्याकडे गेला. स्थानिक वृत्तपत्रांच्या पिवळ्या पडलेल्या पानांनी एका राष्ट्रीय खेळाचे मोजमाप बदलावे, याहून स्थानिक साधनांचे महत्त्व सांगणारे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल.

दंतकथा आणि गावचा ठराव

कूपर्सटाउनची निवडही बोधप्रद आहे. बेसबॉलचा उगम ठरविण्यासाठी १९०५ मध्ये नेमलेल्या एका समितीने दोन वर्षांनी असा निर्वाळा दिला की ॲबनर डबलडे यांनी १८३९ मध्ये याच गावी हा खेळ निर्माण केला. या निर्वाळ्याचा मुख्य आधार एका वृद्ध गृहस्थाने लिहून पाठविलेली आठवण एवढाच होता, आणि स्वतः डबलडे त्या वर्षी वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात शिकत होते. तरीही ही कथा इतकी रुजली की तिच्या शताब्दीच्या वर्षी, १९३९ मध्ये, बेसबॉलचे मानाचे संग्रहालय तेथेच उघडले. पुढे पुरावा हाती आला तो भलत्याच ठिकाणी. मॅसॅच्युसेट्स राज्यातील पिट्सफील्ड या गावाने १७९१ मध्ये एक नियम केला होता आणि नव्या सभागृहाच्या खिडक्यांच्या काचा फुटू नयेत म्हणून इमारतीपासून ऐंशी यार्डांच्या आत चेंडूचे जे खेळ खेळण्यास मनाई केली होती, त्यांत बेसबॉलचे नाव स्पष्ट लिहिलेले होते. जॉन थॉर्न या इतिहासकाराच्या शोधामुळे हा नियम २००४ मध्ये जगापुढे आला. खेळाच्या गौरवासाठी रचलेली कथा खोटी ठरली आणि खेळ थांबविण्यासाठी लिहिलेला कागद खरा साक्षीदार ठरला. म्हणूनच गावच्या दप्तरात काय निघेल, हे दप्तर सोडण्यापूर्वी कोणालाही सांगता येत नाही.

धुळ्याचे दप्तर

हाच धडा महाराष्ट्राला इतिहासाचार्य विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनी बेसबॉलच्या अभ्यासकांच्या कितीतरी आधी दिला होता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे तिचे बावीस खंड निघाले. त्यांसाठी राजवाडे वाडे, मठ, देवस्थाने आणि कुळकर्ण्यांची घरे पालथी घालत अक्षरशः पायी हिंडले. अस्सल कागद आधी आणि मत नंतर, हा त्यांचा आग्रह होता. ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, त्यात त्यांचा पुढाकार होता, आणि या मंडळाने आपल्या संमेलनांची वृत्ते व वार्षिक इतिवृत्ते छापून संशोधकांनी एकत्र बसण्याची व एकमेकांचे पुरावे तपासण्याची शिस्त मराठीत रुजविली.

राजवाड्यांच्या आयुष्याची अखेर धुळ्यात, ३१ डिसेंबर १९२६ रोजी झाली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळाची स्थापना करून त्यांचा संग्रह सांभाळला आणि पुढे ‘संशोधक’ या नियतकालिकातून तो अभ्यासकांपुढे ठेवला. समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जमविणारे शंकर श्रीकृष्ण देव यांच्या प्रयत्नांतून उभे राहिलेले समर्थ वाग्देवता मंदिरही याच शहरात आहे. एका जिल्ह्याच्या गावी अशा दोन कागदसंस्था असणे, ही खानदेशची मोठी पुंजी आहे.

या पुंजीला खेळाच्या इतिहासाची जोड देण्यासाठी लागणारा लेखी वारसाही मराठीत आहे. खो-खोच्या नियमांना लेखी रूप देण्याचे प्रयत्न पुण्यातील डेक्कन जिमखान्यात १९१४ च्या सुमारास झाले; बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी संपादिलेला ‘व्यायाम ज्ञानकोश’ दहा खंडांत निघाला; आणि १९३६ मध्ये अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. पुणे, बडोदे आणि अमरावती यांच्या मधोमध पसरलेल्या खानदेशच्या आखाड्यांची व मैदानांची कहाणी मात्र या वारशात फार विरळ दिसते.

नरडाण्याची वाट

अशी कहाणी शोधण्यासाठी कोणी धुळ्यास परिषदेला आला, तर त्याने दुसऱ्या दिवशी मुंबई-आग्रा महामार्गाने उत्तरेकडे निघावे. प्रथम लागते ते सोनगीर, तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेले आणि टेकडीवर जुना किल्ला असलेले गाव. तेथून पुढे शिंदखेडा तालुक्यातील नरडाणा येते. महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग एकमेकांना भेटतात अशा जागी वसल्यामुळे, आणि आता औद्योगिक वसाहतीमुळेही, या गावाला आकाराहून मोठे महत्त्व लाभले आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या ३०९ किलोमीटरच्या मनमाड-इंदूर लोहमार्गाची आखणीही याच परिसरातून जात असल्याने ते महत्त्व वाढणार आहे. संशोधकाच्या दृष्टीने नरडाणा हा चौफुला आहे.

या चौफुल्यावरून उत्तरेस तापी ओलांडली की शिरपूर तालुक्यातील थाळनेरला जाता येते. खानदेशावर चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून दोन शतके राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याचे हे आरंभीचे ठाणे असून त्या राजांच्या कबरी तेथे अजून उभ्या आहेत. फेब्रुवारी १८१८ मध्ये सर टॉमस हिसलॉपच्या इंग्रज फौजेने हा किल्ला घेऊन किल्लेदाराला फाशी दिले, ती घटनाही येथलीच. शिंदखेडा तालुक्यातच, पांझरा तापीला मिळते तेथे, मुडावदचे कपिलेश्वर मंदिर आहे. पश्चिमेकडे तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि तिच्यातील घोड्यांच्या बाजाराला दूरदूरचे व्यापारी येतात; घोड्याची चाल, पाणी आणि तयारी पारखण्याचे जे ज्ञान तेथे तोंडी वाहते, ते खेळाच्या इतिहासाचेच साधन आहे. पूर्वेकडे बेटावदवरून रेल्वेने अमळनेर गाठता येते, जेथे साने गुरुजींनी प्रताप हायस्कूलमध्ये शिकविले आणि जेथे फेब्रुवारी २०२४ मध्ये सत्त्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. या टापूला मोठ्या परिषदेचे यजमानपद नवे नाही. १९४४ चे साहित्य संमेलन मामा वरेरकर यांच्या अध्यक्षतेखाली धुळ्यातच झाले होते. पाहुण्यांच्या ताटात कळण्याची भाकरी, वांग्याचे भरीत आणि शेवभाजी वाढणारी ही भूमी आतिथ्यात कधी कमी पडलेली नाही.

फड या शब्दाचे दोन अर्थ

पांझरा नदीच्या काठाने जाताना एक शब्द अभ्यासकाला थांबवितो. खानदेशात शतकानुशतके चालत आलेल्या ‘फड’ पद्धतीत नदीवर बंधारा घालून पाणी पाटाने शेतात आणले जाते, भिजणाऱ्या जमिनीचे भाग पाडले जातात, अशा प्रत्येक भागाला फड म्हणतात, एका फडात सर्व शेतकरी एकच पीक घेतात आणि पुढील हंगामात ते पालटतात. पाणी कोणी कधी घ्यायचे हे शेतकरी आपसांत ठरवितात आणि ते सोडण्याचे काम पाटकऱ्याकडे असते. यात्रेतही फडच रंगतो, पण तो कुस्त्यांचा; तेथेही गाव एकत्र बसते, रेवड्यांच्या कुस्तीपासून मानाच्या कुस्तीपर्यंतचा क्रम ठरतो आणि पंचांचा शब्द सर्वांनी मानायचा असतो. शब्दांच्या मुळांचा ध्यास घेतलेल्या राजवाड्यांच्या गावात हे दोन अर्थ शेजारी ठेवून पाहणे अगत्याचे आहे, कारण सामाईक जागा, ठरलेला क्रम आणि मान्य केलेला निवाडा या तीन गोष्टी शेतीच्या फडात जशा आहेत तशाच खेळाच्या फडातही आहेत.

यांपैकी पाण्याच्या फडावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. कुस्तीचा फड अजून आपल्या अभ्यासकाची वाट पाहतो. यात्रा समित्यांच्या हिशेबवह्यांत लिहिलेली इनामाची रक्कम, जुन्या जिल्हा वृत्तपत्रांतील चार ओळींची बातमी, तालमीच्या भिंतीवरील वस्तादांची तसबीर, आखाजीच्या झोक्यांवर माहेरवाशिणींनी म्हटलेल्या गाण्यांच्या चाली, शाळेच्या कपाटातील हुतुतूच्या संघाचे छायाचित्र : ही सारी साधने शोधायची तर पिट्सफील्डच्या नियमाइतक्याच चिकाटीने गावोगावची दप्तरे सोडावी लागतील. त्यासाठी परकी पद्धत उसनी आणण्याची गरज नाही. ती राजवाड्यांनी घालून दिली आहे आणि त्यांचा संग्रह धुळ्यात जपलेला आहे. मराठी खेळांच्या इतिहासाची परिषद येथे भरावी, पहिल्या दिवशी दप्तरे पाहावीत आणि दुसऱ्या दिवशी नरडाण्याच्या चौफुल्यावरून चार दिशांना चार तुकड्या निघाव्यात. यात्रेतल्या फडाच्या कडेला बसलेल्या वृद्धाची आठवण त्यांनी आदराने लिहून घ्यावी. मात्र कूपर्सटाउनची चूक टाळण्यासाठी, त्या आठवणीला कागदाचा आधार मिळेपर्यंत शोध थांबवू नये.