अडीच तासांची बाई

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, या प्रश्नाचे उत्तर आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलेले असते. कळसूबाई, उंची १६४६ मीटर. बारी गावात उतरून तो डोंगर समोर पाहिला की मात्र हे पाठांतर उपयोगी पडत नाही. पोटऱ्याच कामाला येतात.

आम्ही आश्विनात गेलो. खाचरांतला भात पिवळा पडू लागला होता आणि उतारावर सोनकी फुलली होती. पहिला तास बऱ्यापैकी जातो. मग कातळ पुढ्यात येतो आणि त्याला टेकवलेल्या लोखंडी शिड्या सुरू होतात. खरी परीक्षा इथे आहे. पायऱ्या अरुंद, वारा कठड्यालाही हलवील असा, आणि खाली पाहू नये हे माहीत असूनही नजर खालीच जाते. माझी बारा वर्षांची भाची पुढे सरसर गेली. मी दोन्ही हातांनी कठडा धरून देवाचे नाव घेत होतो.

एका सपाटीवर ताक विकणाऱ्या आजी भेटल्या. माझी धाप ऐकून म्हणाल्या, ‘‘दमानं जा, दादा. बाई कुठं पळून चालली व्हय?’’

खरे तर ही बाई एकदा निघूनच गेली होती! आख्यायिका अशी, की कळसू ही कोळ्यांची मुलगी इंदोरे गावी एका घरी कामाला राहिली, ती ‘भांडी घासणार नाही, केर काढणार नाही’ या अटीवर. एके दिवशी घरच्यांनी तिला नेमकी तीच कामे सांगितली. तिने ती केली आणि तडक डोंगर गाठला, तो कायमचा. भांडी घासली ती जागा थाळेमेळ, केर काढला ती काळदरा. आपल्याकडच्या देवतांमध्ये इतकी रोखठोक मोलकरीण मला दुसरी ठाऊक नाही.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. वर छोटेसे देऊळ, शेंदूर, घंटा आणि चहूबाजूंनी सह्याद्री. पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे त्रिकूट. खाली भंडारदऱ्याचे पाणी. नवरात्रात आसपासच्या गावांतल्या बायका ही चढण चढून दर्शनाला येतात. त्याला त्या ट्रेक म्हणत नाहीत.

देवळामागे वळलो आणि थबकलो. पाण्याच्या बाटल्या, वेफर्सची पाकिटे, थर्माकोलच्या बश्या. १९८६ पासून हा परिसर अभयारण्य आहे. आमचे वाटाडे मामा काही न बोलता कमरेची गोणी सोडून बाटल्या भरू लागले. भाचीही वाकली. मला वाकताना गुडघे बोलले, पण वाकलो.

‘‘दर खेपेला नेता?’’ मी विचारले.

‘‘नेतो की. तिनं काढायचा न्हाई म्हून सांगितलंय ना!’’

उतरताना शिडीवर वर येणाऱ्यांची गर्दी झाली होती. मामांनी गोणी डोक्यावर घेतली आणि खाली हाक दिली, ‘‘सरका बाजूला! आधी तुमची गोणी उतरू द्या!’’