हा छोटा शब्द कोणाचा?

मुलाखतीचं बोलावणं आलं की उत्तराच्या ईमेलचा शेवट अनेक जण एकाच वाक्यानं करतात: ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.’ वाक्य नम्र आहे, अर्थही पोचतो. पण प्रमाण इंग्रजीत तिथे ‘मीट’ नाही, ‘मीटिंग’ हवं. ‘टू’च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप लिहायची सवय शाळेपासून हाताला लागलेली असते, म्हणून चूक ध्यानात येत नाही. ‘आय वाँट टू गो’ मधला ‘टू’ आणि हा ‘टू’ दिसतात सारखे, पण त्यांची कामं वेगळी आहेत. इथला ‘टू’ शब्दयोगी अव्यय आहे आणि त्याला पुढे नाम लागतं. ‘लुकिंग फॉरवर्ड टू द वीकेंड’ आपण बिनचूक म्हणतो. नामाच्या जागी क्रियापद आणायचं, तर ते ‘मीटिंग’सारख्या नामरूपातच आणावं लागतं.

इंग्रजी शिकताना आपण काळ घोटतो, कर्तरी-कर्मणी घोटतो. अप, ऑफ, ऑन, आउट या इवल्या शब्दांच्या मात्र नुसत्या याद्या पाठ करतो. ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणं, ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतं घेणं, असं पानामागून पान. याद्या संपत नाहीत आणि ऐन वेळी आठवतही नाहीत. यादी हाती घेण्याआधी एकच प्रश्न विचारायची सवय लावावी: हा छोटा शब्द क्रियापदाचा आहे की पुढच्या नामाचा?

हा फरक मराठी माणसाला नवा नाही. ‘मांजर झाडावर चढलं’ या वाक्यातला ‘वर’ झाडाला जोडलेला आहे, तो शब्दयोगी. ‘मांजर वर चढलं’ मधला ‘वर’ चढण्याची दिशा सांगतो, तो क्रियाविशेषण. मराठीत पहिला नामाला जोडून लिहितात आणि दुसरा सुटा, त्यामुळे फरक डोळ्यांनाच दिसतो. इंग्रजीत दोघंही सुटे आणि बहुतेक वेळा क्रियापदाला लागूनच उभे. गोंधळ होतो तो इथे.

दिवा आणि रस्ता

‘ही टर्न्ड ऑफ द लाइट’ आणि ‘ही टर्न्ड ऑफ द रोड’ ही दोन वाक्यं शेजारी ठेवा. शेवटचा शब्द सोडला तर दोन्ही तंतोतंत सारखी. पण पहिल्यात त्यानं दिवा बंद केला आणि दुसऱ्यात तो रस्ता सोडून वळला. पहिला ‘ऑफ’ क्रियापदाशी एकजीव झालाय, दुसरा रस्त्याला बांधलेला आहे.

हे ओळखायची पहिली कसोटी म्हणजे शब्द हलवून पाहणं. ‘ही टर्न्ड द लाइट ऑफ’ चालतं. ‘ही टर्न्ड द रोड ऑफ’ या अर्थानं चालत नाही. नामाचा शब्द नामाला सोडून मागे जाऊ शकत नाही. दुसरी कसोटी सर्वनामाची, आणि ती सर्वांत भरवशाची. दिव्याच्या जागी ‘इट’ आणलं की ते मध्येच बसवावं लागतं: ‘टर्न्ड इट ऑफ’. रस्त्याच्या जागी आणलं की ते शेवटी जातं: ‘टर्न्ड ऑफ इट’. तिसरी कसोटी कानाची. ‘लुक इट अप’ म्हणताना ‘अप’वर जोर येतो, ‘लुक ॲट इट’ म्हणताना ‘ॲट’ जवळजवळ गिळला जातो. क्रियापदाचा शब्द ठसक्यात उच्चारला जातो, नामाचा बहुधा हलका. बातम्या किंवा क्रिकेटचं समालोचन ऐकताना या जोराकडे लक्ष दिलं, तर कान लवकर तयार होतो.

दोघे एकत्र आले की

एकाच क्रियापदामागे असे दोन शब्द आले की पुष्कळांचं अवसान गळतं. ‘पुट अप विथ’, ‘रन आउट ऑफ’, ‘गेट अवे विथ’. इथे क्रम मात्र पक्का आहे: आधी क्रियापदाचा शब्द, मग नामाचा. ‘वी हॅव रन आउट ऑफ मिल्क’ या वाक्यात ‘आउट’ म्हणजे संपणं, ते क्रियापदाचं. काय संपलं ते जोडतो ‘ऑफ’, तो दुधाचा. शेवटचा शब्द नामाचा असल्यामुळे सर्वनामही त्याच्या मागेच येतं: ‘पुट अप विथ इट’.

कधी वाक्यात नामंही दोन असतात. ‘ही टुक हिज अँगर आउट ऑन हिज ब्रदर’, म्हणजे त्यानं आपला राग भावावर काढला. इथे राग ‘टेक आउट’च्या पोटात बसलाय आणि भाऊ ‘ऑन’च्या पुढे. कुणाची जागा कुठली हे कळलं की एवढं लांब वाक्यही सहज सुटतं.

आपल्याकडे हमखास ऐकू येणारं ‘कोप अप विथ’ याच घडणीतून आलेलं असावं. ‘कीप अप विथ’, ‘कॅच अप विथ’, ‘पुट अप विथ’ कानावर असतात. त्यांच्या चालीवर ‘कोप’लाही ‘अप’ चिकटतं. प्रमाण इंग्रजीत ‘कोप’ला क्रियापदाचा शब्द लागत नाही, ‘कोप विथ’ एवढंच पुरतं.

लिहितानाही हा विचार उपयोगी पडतो. ‘इन’ आणि ‘टू’ कधी जोडायचे? ‘शी वॉक्ड इंटू द रूम’ मध्ये दोन्ही मिळून खोलीचे, म्हणून जोडून. ‘ही टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलिस’, म्हणजे तो पोलिसांच्या स्वाधीन झाला, यात ‘इन’ क्रियापदाचा आणि ‘टू’ पोलिसांचा, म्हणून सुटे.

पलंगाखालून बाहेर

‘द कॅट केम आउट फ्रॉम अंडर द बेड.’ तीन छोटे शब्द ओळीनं आले आहेत. मराठीत हेच ‘मांजर पलंगाखालून बाहेर आलं’. आता तुकडे मोजा. इंग्रजी: बाहेर, ऊन, खाली, पलंग. मराठी: पलंग, खाली, ऊन, बाहेर. रांग अगदी आरशातल्यासारखी उलटी! इंग्रजी क्रियेपासून निघून वस्तूपर्यंत पोचते. मराठी वस्तूपासून निघून क्रियेपर्यंत येते. ‘बाहेर’ दोन्हीकडे क्रियापदाच्या शेजारी आणि ‘खाली’ दोन्हीकडे पलंगाच्या शेजारी. असं वाक्य बांधताना आपल्या वाक्याचं शेवटचं टोक धरून उलट चालावं.

याद्या आखूड होतात

क्रियापदाचा शब्द वेगळा काढता आला की त्याचा स्वभावही दिसू लागतो. ‘ईट अप’, ‘ड्रिंक अप’, ‘यूज अप’ या सगळ्यांत ‘अप’ पूर्णता दाखवतो. मराठीत ते काम ‘टाकणे’ करतं: खाऊन टाक, पिऊन टाक, संपवून टाक. ‘कॅरी ऑन’, ‘गो ऑन’, ‘कीप ऑन’ मधला ‘ऑन’ चालू ठेवतो. ‘कट ऑफ’, ‘ब्रेक ऑफ’ मधला ‘ऑफ’ तोडतो, वेगळं करतो. प्रत्येक जोडी या नियमात बसत नाही, पण पाठांतराचं ओझं बरंच उतरतं.

या जोड्या इंग्रजीत फार जुन्या आहेत. बाराव्या शतकातल्या ‘पीटरबरो क्रॉनिकल’ या इतिवृत्तात किल्ले सोडून देण्याच्या संदर्भात ‘गिव्ह अप’ आढळतं. 1755च्या आपल्या शब्दकोशाच्या प्रस्तावनेत सॅम्युअल जॉन्सननं परक्या माणसाला अशी क्रियापदं सर्वांत जड जातात, हे ओळखून ती मुद्दाम टिपल्याचं नमूद केलं. ‘फ्रेजल व्हर्ब’ हे नाव मात्र 1925मध्ये लोगन पिअर्सल स्मिथच्या पुस्तकातून रुळलं. त्याच्या कितीतरी आधी, 1672मध्ये, कवी ड्रायडननं वाक्याच्या शेवटी शब्दयोगी ठेवण्याला दोष दिला आणि पुढे शाळांनी त्याचा नियम केला. पण ‘व्हॉट आर यू लुकिंग फॉर?’ हे निखालस चांगलं इंग्रजी आहे. नाम पुढे सरकलं, त्याचा शब्द जागेवर राहिला, इतकंच.

म्हणून वहीत असं क्रियापद उतरवताना ते नुसतं लिहू नये, ‘इट’सकट लिहावं: ‘टर्न इट ऑफ’, ‘लुक आफ्टर इट’, ‘पुट अप विथ इट’. विद्यार्थ्यांसाठीचे चांगले कोशही कर्माची जागा अशीच दाखवतात. शिक्षकांनी फळ्यावर एवढा एक ‘इट’ वाढवला, तर अर्थ, शब्दांचा क्रम आणि जोर कुठे द्यायचा, हे तिन्ही एका ओळीत शिकवून होतं. मोठमोठे इंग्रजी शब्द येणारी आपली हुशार मुलं साध्या संभाषणात अडखळतात ती अनेकदा या छोट्या शब्दांपाशीच, आणि ती अडचण खरोखर दूर करता येण्याजोगी आहे.