पाइप घातला की बोल्ट सुटतो?

“पाना हलत नाही? मग पाइप घाल.” थळ-अलिबाग पट्ट्यात जुन्या ट्रकखाली कुणी आडवा झालेला असेल, तर बाहेर उभ्या चौघांपैकी एक जण हे वाक्य बोलतोच. मग कुठूनतरी पाण्याच्या लाइनचा तीन-साडेतीन फुटांचा जीआय पाइप येतो, पान्याच्या दांड्यावर चढतो आणि धडधाकट माणूस त्यावर लोंबकळतो. कडकन आवाज येतो. “सुटला!” म्हणून सगळे खूश. खाली वाकून पाहिलं तर बोल्टचं अर्धं धूड ब्रॅकेटमध्ये आणि नट पान्यात.

हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता गप्प बसवत नाही. गंजलेला बोल्ट ताकद कमी पडते म्हणून अडून बसत नाही. तो का अडतो हे एकदा कळलं, तर पाइप शोधायला कुणी धावणार नाही.

लोखंड गंजलं की फुगतं. जितकं लोखंड खाल्लं गेलं, त्याच्या दुपटीहून जास्त जागा गंज व्यापतो; ओल धरलेला गंज तर आणखी जास्त. नट आणि बोल्टच्या आट्यांमधली मोकळी जागा असते मिलिमीटरच्या काही शतांशांपासून दोन-तीन दशांशांपर्यंत. म्हणजे केसाएवढी. त्या फटीत गंज ठासून भरतो आणि पाचरीसारखा बसतो. धातूंचं गंजणं मोजणारं आयएसओ ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. सतत दमट, खाऱ्या किनारी हवामानाला त्यात ‘सी-५’ हा वर्ग आहे आणि तिथे उघडं साधं पोलाद पहिल्या वर्षात ८० ते २०० मायक्रॉन झिजतं, असं ते मानक सांगतं. २०० मायक्रॉन म्हणजे ०.२ मिमी. आट्यांतल्या फटीशी हा आकडा ताडून पाहा.

थळात याच्यावर आणखी भर पडते. मासळीचा टेम्पो बंदरावरून क्रेट भरून निघतो आणि बर्फाचं, माशांचं खारं पाणी हौद्यातून गळत थेट मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर येतं. गाडी वाळली असं वाटतं, पण मीठ तिथेच राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ स्वतःहून पाणी ओढून घेतं. समुद्राच्या मिठातला मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांपासूनच. आपल्याकडे पावसाळ्यात ७५ च्या खाली येतंय कोण? पाऊस नसला तरी पाटे टांगणाऱ्या शॅकलच्या खोबणीत ओल कायम. आरसीएफच्या खत कारखान्यातून युरिया वाहणाऱ्या ट्रकांनीही निर्धास्त राहू नये. सांडलेला युरियासुद्धा दमट हवेत ओल धरून बसतो.

आता पाइपचं गणित. एक मीटर पाइपच्या टोकाला साठ किलोचा माणूस लोंबकळला, की नटावर सुमारे ५९० न्यूटन-मीटर पीळ पडतो. डोक्यावर ‘८.८’ कोरलेला १२ मिमीचा बोल्ट साधारण सव्वाशे न्यूटन-मीटरला पिळून तुटतो. १६ मिमीचा घ्या, तरी तीनशे-साडेतीनशेच्या पुढे तो टिकत नाही. नट गंजानं धरलेला असेल तर सगळा पीळ बोल्टच्या अंगात जातो. म्हणजे पाइप घालणारा माणूस बोल्ट सोडवत नसतो, तोडत असतो. पाना निसटून हनुवटी किंवा मनगट फुटतं ते वेगळंच.

तुटलेला बोल्ट निदान दिसतो तरी. मला खरी भीती अर्धवट पिळलेल्या बोल्टची वाटते. पान्याखाली नट आधी दगडासारखा ताठ लागतो आणि मग अचानक मऊ पडतो, ओल्या मातीत पाना फिरवावा तसा. तो नट सुटत नसतो, बोल्ट ताणला जात असतो. खरोखर सुटणारा नट ‘टक्’ असा कोरडा आवाज करतो आणि पुढे करकरत फिरतो. हा फरक हाताला कळतो. पण घाईत कुणी लक्ष देत नाही, “हलला ना, कस परत” म्हणून तोच बोल्ट पुन्हा बसतो आणि गाडी माल भरून वडखळच्या दिशेनं निघते.

दुसरी गोष्ट याहून फसवी. शॉकअपच्या डोळ्यात किंवा रबरी बुश असलेल्या पाट्याच्या डोळ्यात नट सहज निघतो, पण बोल्ट बाहेर येत नाही. डोक्याला पाना लावून फिरवा, पाव फेरा फिरतो. पाना सोडला की मागे येतो. रबर पिळलं जाऊन परत उलगडतंय. इथे आट्यांनी धरलेलंच नाही. बुशच्या आतल्या लोखंडी नळीनं बोल्ट पूर्ण लांबीभर धरलाय. आट्यांवर डबाभर तेल ओतलं काय आणि चार फुटी पाइप घातला काय, उपयोग शून्य. ब्रॅकेट आणि बुश यांच्या फटीत पातळ पातं घालून बोल्ट दोन्ही बाजूंनी कापायचा, बुश नवा घालायचा. तो बुश तसाही गेलेलाच असतो.

यू-बोल्टच्या बाबतीत तर वादच नको. पाटे ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट कसताना ताणले जातात, म्हणून एकदा काढलेले पुन्हा वापरू नयेत, असं पाटे बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. जे फेकायचंच आहे ते सोडवण्यात दोन तास आणि एक हात कशाला घालवायचा? ग्राइंडरनं कापा. फक्त आधी चासी घोडीवर भक्कम टेकवा, ॲक्सलला जॅकचा आधार द्या आणि सेंटर बोल्टला हात लावण्यापूर्वी पाट्यांची चवड क्लॅम्पनं आवळा. वाकवून बसवलेले पाटे सुटताना उसळतात.

मग वाचवायचा बोल्ट सोडवायचा कसा? बाहेर आलेले आटे तारेच्या ब्रशनं चकचकीत करा. गंज सोडवणारं पातळ तेल आदल्या दिवशी दोन-तीनदा मारा आणि दर वेळी नटाच्या कडांवर हातोडीचे नेमके ठोके द्या. त्या हादऱ्यानं गंजाला तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. मग सहा कडांचा सॉकेट लावून आधी किंचित कसायच्या बाजूला, मग सोडायच्या बाजूला, असं मागेपुढे करा. इम्पॅक्ट गन पाइपपेक्षा सरस ठरते ती याच कारणानं: ती एकसारखा पीळ देत नाही, ठोके देते.

उष्णतेबद्दलही समज उलटेच आहेत. “लाल केल्याशिवाय सुटत नाही” हे खरं नाही. पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन फुगतं. १६ मिमीचा नट बोल्टपेक्षा ३०० अंशांनी जास्त तापला तर त्याचं भोक जवळपास ०.०६ मिमी मोठं होतं. गंजाची पकड मोडायला बहुधा तेवढं पुरतं, आणि ३०० अंशांना पोलाद लाल दिसतही नाही. म्हणून झटपट फक्त नट तापवायचा. लाल झालेल्या ८.८ च्या बोल्टचं पाणी उतरतं, तो परत वापरायचा नाही. पाट्याला ज्योत लागली तर पाटाही गेला. रबरी बुश, ब्रेकचा पाइप, डिझेलची टाकी आणि शॉकअप यांच्याजवळ गॅस नकोच. बंद शॉकअप तापून फुटू शकतो.

राहिलेले समज थोडक्यात. डब्ल्यूडी-४० हे मुळात १९५३ मध्ये पाणी हटवण्यासाठी बनवलेलं मिश्रण. नावातलं ‘डब्ल्यूडी’ तेच सांगतं, आणि त्याच कंपनीचं गंज सोडवणारं तेल वेगळ्या डब्यात मिळतं. तापलेल्या नटावर बदाबदा पाणी ओतू नका: लाल पोलाद एकदम थंड झालं तर ठिसूळ होतं. स्टेनलेसचे बोल्ट गंजत नाहीत म्हणून पाट्यांना घालणं चूक आहे. बाजारात मिळणारा नेहमीचा ए२-७० स्टेनलेस ४५० न्यूटन प्रति चौरस मिमीला ताणला जातो, ८.८ चा ६४० पर्यंत सोसतो. “आट्यांना ग्रीस लावलं की नट सैल होतो” हाही गैरसमजच. उलट ग्रीसमुळे त्याच पिळाला बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून अँटी-सीझ लावून थोडं कमी कसायचं. आणि नुसती वरून गाडी धुणं म्हणजे मीठ धुणं नव्हे. गोड्या पाण्याचा फवारा खालून, शॅकल आणि यू-बोल्टवर मारायला हवा, तोही मासळी उतरवल्यावर त्याच दिवशी.

पाट्यांचं काम काढलंत तर यू-बोल्ट, नट आणि बुश यांचा नवा संच आधी घ्या, मगच गाडी घोडीवर चढवा. बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे कसा, आणि पहिल्या पाचशे ते हजार किलोमीटरनंतर यू-बोल्ट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासून घ्या. तो पाइप पाण्याच्या लाइनला परत जोडून टाका.