भिंतीवरची माती आणि भट्टीवरचे हात

1956 पर्यंत आपला परभणी जिल्हा आणि बिदर एकाच हैदराबाद राज्यात होते. त्या बिदरला महमूद गवानाचा 1472 सालचा मदरसा आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस बंदुकीच्या दारूच्या स्फोटाने त्याचा मोठा भाग ढासळला. तरी उरल्या भिंतीवर रंगीत फरशांची नक्षी अजून दिसते.

हा रंग टिकतो कसा? भाजलेल्या मातीवर काचेचा लेप चढवून ती पुन्हा भाजतात. लेप वितळतो व मातीला घट्ट धरतो. तांब्याने हिरवट निळा, कोबाल्टने गडद निळा रंग येतो.

आजचे मातीचे भित्तिचित्रही असेच घडते. मोठा पत्रा वाळताना तडकतो. म्हणून कारागीर ओले चित्रच कापतो, तुकड्यांच्या पाठीवर आकडे घालतो आणि ते सावकाश वाळवतो. तरी भट्टीत काही फुटतातच.

ते नुकसान कोणी सोसावे? चौरस फुटावर मजुरी देणाऱ्याने फुटलेला तुकडाही हिशेबात धरावा, असे आम्ही म्हणतो. कोरडी भुकटी फुप्फुसात बसते, लेपातले शिसे अंगात भिनते. म्हणून काम ओले ठेवावे व लेप बिनशिशाचा घ्यावा. गवानाचे नाव आपण घेतो. गंगाखेडात उद्या अशी भिंत सजली, तर तिच्या कोपऱ्यात घडवणाऱ्यांचीही नावे भाजलेली असावीत.